‘बाऽबा, आलास?’

तेच ऐकायला आलात, ठाऊक आहे मला. नाही, आज आत नाही जायचं. इथंच बसा, बाकावर — आणि बोलायचंच असेल तर माझ्याकडं तोंड करून, हळू. मध्ये पडदा लावलाय, पण कान आहेत ना पोपटाला. बसा हो, दादा. चिडलेय कुठं मी? जखमी पाखरं सांभाळता सांभाळता माणसांवर खेकसायची सवय लागलीये, दुसरं काही नाही.

तर काय सांगत होते — उद्या पाखरांच्या डॉक्टरीणबाई येणार. मोठ्या जाळीसमोर उभ्या राहणार, नुसत्या, हाताची घडी घालून. माणूस बघून जो पोपट घाबरून वर उडाला तो पास, त्याला बाकीच्यांबरोबर रानात सोडायचं. जो खाली येऊन बोलला, एक शब्द जरी बोलला, तो नापास — तो जन्मभर इथं जाळीत. का म्हणजे? अहो, रानातही माणूस दिसला की बोलायला खाली येणार, आणि माणूस काय करणार ते मी सांगायला हवं? पुन्हा पोत्यात. तुमच्या घरी येण्याआधी तुमचा पोपट कुठं होता, विचारलंत कधी त्या दुकानदाराला? ढोली असलेलं अख्खं झाड पाडतात. पिल्लं वेचतात, चोचींना चिकटपट्टी लावतात, नळ्यांत कोंबतात. तशी एक पेटी आमच्याकडं आली होती. उघडली तेव्हा — जाऊ दे. हलणारं एकच होतं. तुम्हाला बोल नाही लावत मी. लेक अंथरुणाला खिळलेली, तिनं पोपट मागितला, बापानं आणला. मीही आणला असता. ती गेली आणि लगेचच कुणीतरी पोपट पाळल्याची तक्रार केली, त्याला न्यायला आमची गाडी तुमच्या दारात — वाईट वेळ होती, मान्य.

आणि आला तेव्हा काय ती बडबड. इथं आम्ही पाखरांपुढं बोलत नाही — मुक्यानं दाणे टाकायचे, मुक्यानं पाणी बदलायचं, म्हणजे माणसाची भाषा विसरतात. हा विसरेना. जाळीपाशी गेलं की ‘बाऽबा, आलास?’ — पोरीचा आवाज, थोडा धाप लागलेला. काटा यायचा अंगावर. तुम्ही दर रविवारी तेवढ्यासाठीच येऊन बसायचात, मला काय कळत नव्हतं? मग कमी होत गेलं. इतरांत मिसळला, त्यांच्यासारखा किंचाळायला लागला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आणि त्या रविवारी तुम्ही आलात, अंधार पडेपर्यंत बसलात, तो फांदीवरून खाली बघेचना. तुमचा चेहरा — तिला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखा. मला रात्री जेवण गेलं नाही. पण पुढच्या खेपेला बोलला की नाही? तुम्ही रडलात, माझे हात धरलेत, म्हणालात, ताई, अगदी तिचा ‘बा’, अस्साच लांबवायची ती — आणि तो तसा लांबवायला जमेपर्यंत माझा घसा —

काही नाही. चहा घेणार?

असं बघू नका माझ्याकडं. हो, मीच. पार विसरला होता तो. मी त्याच्याकडूनच ऐकलेलं, माझ्या कानात राहिलेलं — सगळे घरी गेले की जाळीपाशी बसायचे आणि त्याचंच त्याला परत शिकवायचे, दाणा दाखवून. विसरायला लावायचं हे माझं काम, आणि मीच. दया आली तुमची. दया तरी कसली हो, तुमच्या रविवारांची मलाही सवय झाली होती, खोटं कशाला बोलू. आता तो आवाज माझ्या तोंडातून जात नाही. परवा नवरा कामावरून आला, मी पाठमोरी भांडी घासतेय, आणि निघालं तोंडातून — ‘बाऽबा, आलास?’ पिशवी पडली त्याच्या हातातली. आम्हाला मूलबाळ नाही, दादा. त्या घरात हे शब्द कधी कुणी बोललेलेच नाहीत. त्या रात्री आम्ही दोघं भीतीनं दिवा लावून झोपलो.

तेव्हा आता माझं ऐका. तेव्हापासून मी तोंडाला फडकं बांधून त्याच्यापुढं जातेय, आणि तो गप्प आहे. सगळ्यांपुढं गप्प आहे. पण तुम्ही दिसलात की बोलणार, आणि आज बोलला की उद्या बाईंपुढंही बोलणार. सुटायची एवढीच संधी आहे त्याला. तुम्हाला तिचा आवाज हवाय, कळतं मला — पण तो तिथं नाहीये, मी सांगतेय ना. उठा. मागच्या दारानं जा, आणि पुन्हा येऊ नका. चपला हातात घ्या, तुमची पावलं ओळखतो तो. हळू. हळू, फरशी वाजते तिथं —

बोलला. ऐकलंत ना. मीही ऐकलं.

थांबू नका. मागं वळू नका, दादा. ती नाही ती. ती मी आहे.