मोटारवाल्याच्या बहिणी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात.

माझं लग्न मोटारीपायी अडलं होतं. पूर्वी आमच्या गावावरून बैलगाड्यांचे तांडे जात. मग आगगाडी चार कोसांवरून गेली आणि बाजारही तिकडेच गेला. पुढे फैजपूरची मोटार आमच्या वेशीवरून धावू लागली, पण ती थांबत नसे. मुलगी फैजपूरची. तिचे वडील म्हणाले, "मोटार थांबत नाही अशा गावात दिली, तर पोर माहेरी येणार कशी?"

हे माझ्या वहिनीने मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी ती निरांजनाचं ताट घेऊन भर रस्त्यात उभी राहिली. ओवाळायला आलेल्या बाईवर मोटार कोण घालणार? ड्रायव्हर थांबला, त्याने कुंकू लावून घेतलं आणि भावाच्या रीतीप्रमाणे ताटात एक आणा टाकला. तिसऱ्या दिवशी शेजारीण उभी, चौथ्या दिवशी पाटलीणबाई.

आठवड्यात तो काकुळतीला आला. "अक्का, या गावात मला बहिणी तरी किती?"

वहिनी म्हणाली, "भाऊ, अजून बठ्ठा गाव बाकी शे."

"मी रोज थांबत जाईन. पण ते ताट आवरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आपण होऊन थांबली. मी धुतलेला सदरा घालून चढलो. ड्रायव्हरने विचारलं, "कुठे जायचं?" मी लाजून सदऱ्याची बटणं चाचपू लागलो.

खालून वहिनीच म्हणाली, "सासरवाडीले."