प्रसादच्या कॅम्परमधली गादी

आमचा प्रसाद, म्हणजे माझा चुलतभाऊ, याने आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा सहा महिने खपून स्वतःच्या हातांनी कॅम्पर केला. जंगलात चालतील असे टायर, शेगडी, बेसिन, मागे जाड गादी. "आता कुणाच्या दारात जायला नको," म्हणायचा.

पहिली सफर वेळणेश्वरला, मला घेऊन. किनाऱ्याजवळ गाडी लावून त्याने चहा ठेवला. उकळी फुटायच्या आत त्याच गावातली आमची आत्या हजर.

"बायकोने घराबाहेर काढलंन काय रे तुला?"

"आत्या, हे कॅम्पिंग आहे."

"असू दे. माझं घर असताना गाडीत निजलास तर गावात तोंड कसं दाखवू मी? शेगडी बंद कर."

जगाला न जुमानणाऱ्या माणसाने मुकाट्याने शेगडी बंद केली. आत्याने गाडीत डोकावून पाहिलं. "जागा मात्र ऐसपैस हो."

दोन रात्री आम्ही तिच्या पडवीत सतरंजीवर झोपलो. गाडी रस्ता सोडून उतरली ती एकदाच, आत्याच्या बागेत, नारळ भरायला. परतताना दीडशे नारळ गादीवर पसरलेले, आणि प्रसाद प्रत्येक वळणावर मला सांगतोय, "सस्पेन्शन बघ. एक नारळ हलत नाही."