शेअर्ड फोल्डरमधून हकालपट्टी

अन्यायाच्या गोष्टी मला काय सांगता? माझीच ऐका. माझा जुना टायपिंगचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून मी लॅपटॉपच्या आतच जुनं विंडोज चालवतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. लेख मात्र हॉलमधल्या बायकोच्या कंप्युटरवर, शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतो. परवा लेख पाचपर्यंत द्यायचा होता आणि फोल्डर उघडेना. 'परवानगी नाही' म्हणे! माझ्याच घरात, मला!

कोठी बाजारातून दुरुस्तीवाल्या सलीमभाईंना बोलावलं. तासभर तपासून ते म्हणाले, "साब, मशीन बराबर है, नेटवर्क बराबर है. फोल्डर में से आपका नामइच निकाल दिए कोई."

मी तरातरा हॉलमध्ये गेलो. "सुनंदा, हा काय प्रकार आहे?"

"मंडळाच्या अंकासाठीचा माझा लेख तुम्ही न विचारता निम्मा कापलात. म्हणून बंदी."

"अगं, बातमीदार आहे मी, मजकूर दिसला की कापायला हात जातोच! पण माझा लेख पाचला जायचाय!"

"गेला. मीच पाठवला, निम्मा करून."

आणि तो संपादक बघा! तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने लेख आवडला म्हणून फोन केला. तोही तिला.