अनोळखी भाग

मराठी नीट वाचता येतं म्हणूनही कधीकधी फजिती होते, ऐका. टाकवे बुद्रुकच्या एका फॅक्टरीत माझी पहिलीच मुलाखत होती. आदल्या दिवशी लोणावळ्यात शकीलभाईंकडून मोबाइलची फुटलेली स्क्रीन बदलून घेतली होती. आईलाही वाचता यावं म्हणून मी फोन मराठीत ठेवलाय. नकाशा लावून स्कूटीवर निघाले, गावात शिरताना एका मोठ्या गेटासमोर रस्ता बघायला थांबले, तर फोनवर ठळक अक्षरांत आलं : 'अनोळखी भाग. खात्री करता येत नाही.'

घाबरून मी स्कूटी तिथेच बंद केली. शेजारच्या टपरीवर एक आबा चहा पीत होते.

"आबा, हा भाग कसा आहे हो?"

"कसा म्हंजी? जल्म गेला हितं आमचा."

"फोन म्हणतोय, अनोळखी आहे. खात्री नाही."

"कुनाला खात्री न्हाई? नाव सांग त्याचं!"

फोनच बिघडला असेल म्हणून मी शकीलभाईंना स्पीकरवर घेतलं. ते हसतच सुटले. "ताई, भाग म्हणजे फोनचा भाग, स्क्रीन! अस्सलच आहे ती. कंपनी प्रत्येक स्क्रीनचा नंबर फोनशी जुळवून बघते, ती जुळणी करायची राहिली माझ्याकडून."

आबांनी कप खाली ठेवला. "एका काचेपायी आमच्या आख्ख्या गावावर संशय घेतलास व्हय? जायचंय कुटं तुला?"

"फॅक्टरीत, मुलाखतीला."

"मंग गेटातनं गाडी काढ की! फॅक्टरीचं सायब मागं गाडीत बसून कवाधरनं ऐकत्यात."