पाना कुणाकडे?

तयार भिंतींच्या घरांचं कौतुक मला नका रे सांगू, ते आम्ही लालबागला केव्हाच बघितलंय. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती, रोज मोर्चा नाहीतर सभा. त्यात सरकारी इंजिनीअर साहेब आले. म्हणाले, चाळ पाडून नवी इमारत देऊ. नमुन्याची खोलीच घेऊन आले! कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती लॉरीतून उतरल्या, नटबोल्ट आवळले, दुपारच्या जेवणापर्यंत खोली उभी.

आमची शेजारीण सावंतकाकी आत शिरली. "खिळो खंय मारूचो?"

"खिळा मारायचा नाही. भिंत तडकेल."

चाळीत आमचा अर्धा संसार खिळ्यांवर टांगलेला. काकीचा चेहराच पडला. साहेब घाईघाईने म्हणाले, "पण गंमत बघा, बोल्ट काढले की हीच खोली उचलून पुण्याला न्या, दिल्लीला न्या!"

इथे मुंबई हातची जाऊ नये म्हणून आम्ही लाठ्या खात होतो!

काकीने शांतपणे विचारलं, "त्या बोल्टांचो पानो कोणाकडे रवतलो?"

"अर्थात सरकारकडे."

"मगे आधी पानो हयसर चाळीत ठेवा," काकी म्हणाली. "घराचा मागसून बघू."