पाडव्याला बंद पडणारं सॉफ्टवेअर

मेडशीच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या अख्तरीबीच्या पाठीमागेच बियाण्याच्या दुकानवाल्या वैजयंतीताईंनी संगणकवाल्या हरीओमला गाठलं.

“हरीओमभाऊ, दर दिवाळीच्या पाडव्याले ऐन पूजेच्या वक्ताले माह्यं बिलाचं सॉफ्टवेअर काहून बंद पडते?”

“जुनं झालं ताई ते.”

“माह्या पोरीनं एआयले त्याच्यातला कोड काढाले लावला. त्यात तुमीच लिहून ठेवलं हाय, पाडवा आला का बंद पड.”

“माहा कोड मले न इचारता उघडला?”

“माह्यं दुकान अडवताना मले इचारलं होतं?”

एसटी आली. अख्तरीबी जागची हलली नाही.

“ते चालूच राह्यलं असतं, तं तुमी मले फराळाले कधी बलावलं असतं?”

“यंदाबी या. फराळाचं ताट राहीन. कम्प्युटरले हात लावला तं पाहा मंग.”