सुताचे बारा रुपये

तारीख सतरा नोव्हेंबर, साल चौऱ्याहत्तर, वार रविवार, रक्कम एकशेपन्नास. हजर कोण, तर मी, माझी बायको हौसा, माझा मामेभाऊ म्हाकू आन त्याची बायको सखू. जागा साताऱ्यातलं आमचं भाड्याचं घर. हे आधीच लिवून घ्या, म्हंजे हवालदारानं मीठमसाला लावला असं कुणी म्हणाय नको.

माझा जलम माणातला, दहिवडीच्या पलीकडं वस्ती. बाप मेंढरं राखायचा, मामा घोंगडी विणायचा, मामाच्या मागं म्हाकू विणाय लागला. आमच्यात पुरुष माग चालवतो आन बाई सूत काढती. मी पलटणीत गेलो, सतरा वर्सं स्टोअरमधी कांबळी मोजली, बूट मोजले, सुईसुदिक मोजली. पेन्शन घेऊन साताऱ्यात आलो तर इथं एका शेठनं मोठं दुकान काढलेलं, सांगलीलाबी तसंच, साबणापास्नं लुगड्यापातूर सगळं बाजारापेक्षा स्वस्त. काय सांगू तुम्हाला, देवळात नसंल एवढी गर्दी. मी एकदा गेलो, घोंगडी बघितली, काठावरची नक्षी म्हाकूची. भाव चोवीस. म्हाकू तर तीसाला विकायचा, मामाबी तीसालाच विकायचा. तवापास्नं मी त्या दुकानाची पायरी चढलो न्हाई. शेजारी म्हणायचे, हवालदार, सहा रुपयं वाचत्यात तर तुमच्या पोटात का दुखतंय? मी म्हणायचो, वाचत न्हाईत, कुणाच्या तरी ताटातनं येत्यात, पण कुणाच्या ते मलाबी दावता येत न्हवतं.

तर त्या रविवारी. लेकीचं लगीन माघात ठरलेलं, पावण्यांच्या पाच वडीलधाऱ्यांना घोंगडी द्यायची आमच्यात रीत. म्हाकू पाच घोंगडी घेऊन आला, मी एकशेपन्नास पुढं केले. तर गडी म्हणतो, दादा, दुकानात चोवीस हायत, तुमच्याकडनं जादा कशाला, एकशेवीसच द्या. हौसा म्हणाली, घ्या की, भावजी आपणहून म्हणत्यात, तीस रुपयांत पोरीचं एक पातळ हुतंय. मी इचारलं, शेठ तुला काय देतो? म्हणाला, अठरा. त्यात तुझं भागतंय? भागतंय की, नऊची लोकर, एकाची चिंचोक्याची खळ, दोन दिवस विणायचे आठ, झाले न्हवं अठरा?

दाराशी बसलेली सखू म्हणाली, आन माझं सूत?

म्हाकू हसला. तुझं काय, ते घरचंच.

एका घोंगडीला सहा दिवस सूत काढावं लागतं. दुष्काळी कामावर खडी फोडाय बाईला दोन रुपये हजेरी हुती, तोच दर मी धरला, सहा दुणे बारा, अठरा आन बारा तीस. वाडवडलांच्या भावात बाईचे बारा हुते आन कुणाला ठावं न्हवतं. शेठनं नेमके तेवढेच कापले, वरचे सहा आपण ठिवले आन सहा गिऱ्हाइकाला दिले. आन मी, सतरा वर्सं सुया मोजलेला माणूस, मलाबी तवर दिसलं न्हाई.

सखूनं पाची घोंगडी परत बांधली. भावजी, म्हणाली, तुमी तीस द्याल, पण ते सगळे ह्यांच्या हातात जातील. सुताचा भाव ठरला की आणून देते. हौसा म्हणाली, आगं, लगीन तोंडावर आलंय. सखू म्हणाली, वैनी, म्हणूनच.

वस्तीवर सात माग. साती घरच्या बायकांनी सूत काढायचं सोडलं. अकरा दिवसांनी म्हाकू माझ्याकडं आला, दादा, मोकळ्या मागाफुडं बसून ढेकणं मारतोय, तुमीच सांगा तिला. मी म्हणालो, माझी पाच घोंगडी तिच्याकडंच हायत गड्या, मी काय सांगू? हौसाला म्हणालो, न्हाईच आली तर काय करायचं? जी पातळाचा हिशेब करत हुती ती म्हणाली, पावण्यांना सतरंजीवर बसवीन, पण त्या दुकानातलं न्हाई आणायचं.

पौषात थंडी कडक पडली, दुकानात घोंगडं न्हाई. शेठचा मॅनेजर जीप घेऊन वस्तीवर आला. बावीस म्हणाला, पंचवीस म्हणाला. मागकरी माना हलवाय लागले, पण बायकांच्या चरख्यांवर फडकी. शेवटाला तीस म्हणाला आन नोटा म्हाकूच्या हातात द्याय लागला. सखू म्हणाली, तिकडं अठरा. बारा हिकडं.

चार वर्सं झाली, साती माग चालू हायत. दुकानबी हाय, घोंगडं तिथं छत्तीसाला मिळतं, म्हणून आमची आळी सरळ वस्तीवरनं तीसाला आणती. कुणी दुकानात जावं, माझी ना न्हाई, फकस्त स्वस्त दिसलं की त्यात बाईचे किती, एवढं इचारावं.

लग्नाच्या आदल्या दिशी सखू पाच घोंगडी घेऊन आली. मी दिलेले साठ रुपये तिनं दोनदा मोजले, त्यातला एक माझ्या लेकीच्या मुठीत ठिवला, म्हणाली, माझ्या कमाईचा हाय, सुखी ऱ्हा. तवा लिवून घ्या, रक्कम एकशेपन्नास पुरी पावली. विणायचे, लोकरीचे आन खळीचे मिळून नव्वद म्हाकूला. सुताचे साठ सखूला.